नेहमीसारखं बोला

शू पेइलानच्या नावाची पाटी आज मागच्या रांगेतून पहिल्या रांगेत आली होती. या संस्थेत माणसाला पुढे बसवतात, ते त्याची फजिती सगळ्यांना नीट दिसावी म्हणून.

बीजिंगमधल्या या संशोधन संस्थेत आज तज्ज्ञांची बैठक होती. हिंदी महासागराच्या काठी, एका परक्या देशात, चीनने बंदर बांधावं की नाही, यावर सात तज्ज्ञ मत देणार होते. मत अर्थातच आदल्या दिवशी छापून झालं होतं. ते बंद पाकिटात प्रत्येकापुढे ठेवलं होतं. चर्चा संपली की पाकीट फोडायचं आणि सही करायची. यात कुणाला काही गैर वाटत नसे. तज्ज्ञांचा वेळ वाचतो.

पेइलान त्या देशात तीन वर्षं राहिली होती. तिथली खाडी दरवर्षी गाळाने भरते आणि तिथले कोळी चिनी माणसांना दगड मारतात, हे तिने गेल्या चार बैठकांत सांगितलं होतं. चारही वेळा संचालक दिंगने तिचं बोलणं इतिवृत्तातून उडवलं. दिंग एके काळी तिचाच विद्यार्थी. तिने त्याला काठावर पास केलं होतं, आणि ते दोघंही विसरले नव्हते.

महिनाअखेरीस ती निवृत्त होणार होती. तिच्या दोन वर्षांच्या मुदतवाढीचा कागद दिंगच्या टेबलावर पडून होता. मुदतवाढ म्हणजे चौथ्या मजल्यावरची खोली, आणि त्या खोलीत अर्धं लिहून झालेलं पुस्तक. वीस वर्षांची टिपणं होती ती. संस्थेबाहेर त्यातला चिठोराही नेता येत नसे.

काल दिंगचा फोन आला होता. "बाई, उद्या नेहमीसारखंच बोला हं."

तिच्या नवऱ्याने सरकारी खात्यात तीस वर्षं काढली होती. संत्रं सोलता सोलता त्याने अर्थ लावून दिला. नेहमीसारखं बोला म्हणजे, बोलून तर बघा.

पहिले सहा तज्ज्ञ एकापाठोपाठ एक सहमत झाले. एकजण तर भलत्याच देशाबद्दल बोलत होता, पण त्याला कुणी टोकलं नाही. मंत्रालयाचे पाहुणे झाकणाच्या कपातून चहा पीत होते. मग दिंगने पेइलानकडे मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर चक्क आदर होता. आपल्या हाताखाली शिकलेला मुलगा कुत्सितपणातही तरबेज झाला, असं तिला वाटलं.

तिला खाडी आठवली. मग खोली आठवली.

"माझी काही हरकत नाही," ती म्हणाली. "मी सहमत आहे."

कुणाच्या तरी हातून कपाचं झाकण निसटलं. दिंग पांढराफटक पडला. त्याने घाईघाईने दहा मिनिटांची सुट्टी जाहीर केली आणि तिला बाहेर व्हरांड्यात गाठलं.

"सूड उगवायला आजचाच दिवस सापडला?" तो दातओठ खात म्हणाला. "या वेळी वरून हुकूम आहे, चर्चा खरी दिसायला एक तरी विरोधी मत हवं. पाकिटात तिसऱ्या पानावर तुमचा विरोध छापलाय. गाळासकट, कोळ्यांसकट."

पेइलानने विचारलं, "आणि माझी मुदतवाढ?"

"ती विरोधासाठीच होती, बाई. सहमत व्हायला माझ्याकडे सहा जण आहेत."