गुडघ्यांना व्यायाम

"नौपाड्यातल्या निम्म्या लिफ्टा तू बसवलेल्या, आणि आईला मात्र चार मजले चढवतोस!" लेकीच्या बिल्डिंगचा जिना मुलगा-सुनेबरोबर चढताना कलावतीबाई कठड्याला टेकून कुरकुरल्या. "प्राची, तू तरी सांग गं तुझ्या नवऱ्याला."

"गुडघ्यांना व्यायाम नको का, आई?" विनीत हसत म्हणाला. प्राचीने नेहमीसारखी मान खाली घातली.

तेवढ्यात शेजारून लिफ्ट वर गेली. दाराच्या काचेतून एक चिमुरडी तिघांना टाटा करत होती. कलावतीबाईंनी हौसेने हात हलवला. प्राचीचा काही उचलेना.

"आई," शेवटी ती म्हणाली, "यांनी नवे म्हणून जुनेच दोर घातलेत ह्या लिफ्टला. आणि मला ते ठाऊक होतं."