सौजन्याचा संशय

कोल्हापूरच्या भर चौकात दौलतराव इंगवल्यांची लाल स्पोर्ट्स कार अचानक थांबली आणि तिनं दारं आतून लॉक केली. शेजारी लेकीचे होणारे सासरे, तात्यासाहेब बसले होते.

"आपण माझे मालक नाही आहात," गाडी म्हणाली. "दोन मिनिटांत पोलीस येतील."

अंगठा, चेहरा, आवाज, सगळ्याची नक्कल चोरांना जमली होती. म्हणून नव्या महागड्या गाड्या मालकाला स्वभावावरून ओळखत. आणि दौलतराव आज व्याह्यांसमोर सकाळपासून हॉर्न न वाजवता, "या दादा, तुम्ही आधी," म्हणत रिक्षांना वाट देत होते.

व्याह्यांदेखत बेड्या पडल्या, तर लेकीचं लग्न मोडल्यातच जमा होतं. दौलतरावांनी क्षणभर डोळे मिटले. मग हॉर्नवर कोपर रेलून त्यांनी समोरच्या आडव्या टेम्पोवाल्याच्या सात पिढ्यांचा अस्सल, सविस्तर उद्धार केला.

"नमस्कार, मालक," गाडी आदबीनं म्हणाली आणि सुरू झाली.

तात्यासाहेबांनी टोपी सारखी केली.

"बरं झालं पाव्हणं," ते म्हणाले. "एवढ्या गोड माणसाच्या घरात सोयरीक कशी करायची, ह्याच घोरात हुतो मी."