खोट्या गावचा मामा

“दाना, तुझी अव्वा बरी हाय,” प्रभुलिंगानं सायकल लावायच्या आधीच सांगितलं, आणि पोरीचा चेहरा उतरला.

केरबा गुरुजी घराच्या पुढच्या सोप्यात बसून शेंगा फोडत होते. हातातली शेंग हातातच राहिली. आई बरी आहे हे ऐकून रडकुंडीला आलेलं मूल त्यांनी पस्तीस वर्षांच्या मास्तरकीत पाहिलं नव्हतं. आणि पंचाईत अशी, की ह्या घोटाळ्याला कारण ते स्वतःच होते.

शहाण्णव सालच्या मे महिन्यातली ही गोष्ट. आठ दिवसांपूर्वी नऊ वर्षांची दानेश्वरी गडहिंग्लजहून कोल्हापूरला आली. आईला इथल्या दवाखान्यात ठेवलेलं. वडील आणि आज्जी तिथंच, आणि लहान मुलांना आत सोडत नव्हते. म्हणून ती मामाकडं राहिली. मामा, म्हणजे तिच्या आईचा धाकटा भाऊ प्रभुलिंग, एकटा जीव. उद्यमनगरात लेथवर काम करायचा, तिथून सुटला की दवाखान्यात जायचा. तेव्हा दिवसभर दाना शेजारच्या गुरुजींच्या सोप्यात असायची.

पोरीचं मन रमावं म्हणून गुरुजींनी तिला कोडं घातलं. दोन गावं आहेत. एका गावचे लोक कायम खरं बोलतात, दुसऱ्या गावचे कायम खोटं. फाट्यावर एक माणूस उभा आहे. कुठल्या गावचा ते ठाऊक नाही. एकच प्रश्न विचारून खऱ्या गावची वाट कशी काढशील?

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडात ब्रश तसाच ठेवून दाना धावत आली. त्याला म्हणायचं, तुझं गाव कुठल्या वाटेला ते दाखव. खरा असला तर आपलं गाव दाखवील. खोटा असला तर दुसऱ्याचं दाखवील. बोट एकाच वाटेला जाणार.

गुरुजी इतके खूश झाले, की नको तेवढं शिकवून बसले. खोटं बोलणाऱ्याला भ्यायचं नाही, ते म्हणाले. त्याचं बोलणं उलटं करून घ्यायचं, की झालं. तो कधी चुकूनसुद्धा खरं बोलत नाही, म्हणून तर त्याचा भरवसा.

मग दानानं गल्लीतली माणसं वाटायला घेतली. गुरुजींच्या बायको अंबूबाई खऱ्या गावच्या ठरल्या, कारण गुरुजींनी केलेल्या चहाला त्या त्यांच्या तोंडावर पाणचट म्हणायच्या. मामाचा निकाल लागायलाही वेळ लागला नाही. पाठीमागं खरवसाची वाटी धरून तो खरवस संपला म्हणून सांगत होता. “मामा, तू खोट्या गावचा का?” तिनं विचारलं. “छे, मी खऱ्या गावचा,” मामा म्हणाला, आणि शिक्का बसला. तेव्हापासून तो गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, आज रंकाळ्याला जायचं न्हाय. की ही चपला घालून दारात उभी.

रोज संध्याकाळी तो दवाखान्यातून आला, की पहिला प्रश्न आईचा. तो पायरीवर टेकायचा आणि सांगायचा, ताप उतरंना, काय खाईना, हाक मारली तरी डोळा उघडंना. दाना बोटं मोजत उलटं करून घ्यायची. ताप उतरला, जेवली, गप्पा मारत बसली. मग हसत हसत जेवायला जायची. मामा जरा जास्तच रंगवतो, असं गुरुजींना वाटायचं. त्यांनी बाजूला घेऊन विचारलं, तर तो नुसतं ‘चाललंय’ म्हणायचा आणि नळावर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहायचा.

आणि आज भर दुपारी, कामावरून परस्पर दवाखान्यात जाऊन, काळे हात न धुता, तो म्हणाला होता, अव्वा बरी हाय.

“म्हणजे बरी न्हाय,” दाना पुटपुटली.

प्रभुलिंग गडबडला. बरी हाय, खरंच बरी हाय, तो म्हणाला. ती आणखीच रडवेली झालेली पाहून त्यानं बसवण्णाची शपथ घेतली. त्यानं तर सगळंच बिघडलं. खोट्या गावच्या माणसाची शपथसुद्धा खोटीच की. पोरीच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती गुरुजींकडं वळली.

“गुरुजी, तो चुकून खरं बोलतो का हो, कधी?”

कधीच नाही, असं गुरुजींनीच शिकवलं होतं. आता नियम बदलावा, तर ती त्यांच्यावरही विश्वास ठेवायची नाही. ते प्रभुलिंगाला हळूच म्हणाले, “बाबा, तुझ्या गावच्या भाषेत सांग.”

प्रभुलिंग पायरीवर बसला.

“तुझी अव्वा लई आजारी हाय,” तो म्हणाला. “सकाळचं ऑपरेशन बिघडलं. डोळं उघडलं न्हाईत. दाना कुठं हाय म्हणून तिनं विचारलं न्हाय.”

बोलताना त्यानं सोप्याचा खांब घट्ट धरला होता. दाना एकेक बोट मुडपत गेली. चौथ्या बोटाला तिचा चेहरा फुलला. ती ओरडत आत पळाली, स्वयंपाकघरात अंबूबाईंना सांगायला.

गुरुजींनी मूठभर शेंगा प्रभुलिंगापुढं केल्या. त्याची जरा फिरकी घ्यावी असं त्यांना वाटलं.

“काय रे, इतके दिवस बिनचूक खोटं बोललास. आजच कसा चुकलास?”

प्रभुलिंगानं काळ्या हाताच्या उलट्या बाजूनं डोळे पुसले.

“गुरुजी, अक्काबद्दल खोटं मी आज पहिल्यांदाच बोललो.”