ओली फरशी

ध्यान शिबिराच्या अर्जात विचारलं होतं, 'श्रमदानात कोणतं काम कराल?' पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या बेहेरेसाहेबांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'देखरेख'. खेड्यातल्या त्या झेन केंद्राचं उत्तर आलं: दहा दिवस ध्यानाला बसा आणि रोज सकाळी फरशी पुसा.

ध्यानाची तयारी महिनाभर चालूच होती. मुद्दाम मागवलेल्या गोल उशीवर बसलं की तिसऱ्या मिनिटाला पायांना मुंग्या यायच्या आणि चौथ्याला हात मोबाइलकडे जायचा. फरशी शिकायला मात्र मालनबाईंनाच गुरू करावं लागलं. त्या अकरा वर्षं साहेबांकडे केरफरशी करत होत्या.

"मागं मागं सरका, साहेब. पुढं गेलात तर स्वतःच्याच पायांचे ठसे पुसत बसाल."

कमरेच्या नावानं खडे फोडत साहेब उकिडवेच मागं सरकले आणि कोपऱ्यातल्या स्टुलाशी पोचले.

"आता पाय वर घ्या अन् गप बसा. वाळेपर्यंत हलायचं नाही."

मोबाइल पलीकडे टेबलावर राहिला होता. पंख्याखाली एकेक फरशी सावकाश वाळत होती. साहेब नुसते बघत राहिले. दहा-बारा मिनिटांनी त्यांच्या लक्षात आलं, मुंग्या आल्याच नाहीत आणि मोबाइलची आठवणही झाली नाही.

हरखून त्यांनी विचारलं, "मालनबाई, तुम्ही रोज अशा बसता?"

"बसायला जाते की रोज. पण तेवढ्यात तुम्ही चपला फटफटवत ओल्यावरून येता, चहा मागायला."