तुपावरची नजर

ज्या वर्षी अनघाचं लग्न ठरलं, त्या वर्षी सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी सात वाजता तिचे आजोबा श्रीरंगराव लखनौच्या अमीनाबादेत एका बिस्किटाच्या भट्टीपुढे उभे होते. डोक्यावर हेल्मेट, एक हात सायकलच्या हँडलवर आणि डोळे तुपाच्या डब्यावर.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर ते तेलीबागेतल्या सायकलवाल्यांच्या टोळीत शिरले होते. टोळीची म्होरकी सलोनी, बँकेत नोकरीला. दर रविवारी ती सगळ्यांना एखाद्या जुन्या दुकानापर्यंत न्यायची. कधी कुलपं दुरुस्त करणारा, कधी अत्तरवाला. आज मुईनमियाँच्या भट्टीची पाळी होती, म्हणून श्रीरंगरावांच्या बायकोने, वीणाताईंनी, संधी साधली. संध्याकाळी मुलाकडची माणसं यायची होती. घरचं पीठ, तूप, साखर भट्टीवर न्यायची आणि डोळ्यांदेखत बिस्किटं भाजून घ्यायची, ही लखनौची रीत त्या चाळीस वर्षांत पक्की शिकल्या होत्या.

"तुपावरून नजर हलवायची नाही," त्यांनी पहाटे अंथरुणातूनच बजावलं होतं. "आणि तो पिठाला नावं ठेवील. ऐकायचं नाही. आपलं पीठ बाजूला सारून स्वतःचं गळ्यात मारतात."

रेल्वेत छत्तीस वर्षं हुकूम पाळलेला माणूस. त्यांनी फळीवरचा पुढचा डबा उचलला आणि कॅरियरला बांधला.

मुईनमियाँनी पीठ परातीत ओतलं. चिमूटभर नाकाशी नेलं.

"बाबूजी, इसमें तो धनिया है।"

"आटा है। आप बनाइए।"

"ज़ीरा भी है।"

"हमारे घर का आटा ऐसा ही होता है," श्रीरंगराव म्हणाले. नजर तुपावर.

"जैसी हुज़ूर की मर्ज़ी।"

मुईनमियाँनी तूप ओतलं, साखर घातली, मळलं, नानखटाया वळून पत्रे भट्टीत सरकवले. श्रीरंगरावांनी वाकून तुपाच्या डब्यात पाहिलं. डबा चाटूनपुसून रिकामा. त्यांनी पहिल्यांदाच हेल्मेट काढलं.

तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, गव्हाच्या पिठाचा डबा इथेच आहे. तुम्ही काय नेलंत?"

"पुढे होता तो डबा."

"ती आक्काची भाजणी आहे," वीणाताई म्हणाल्या.

आक्का म्हणजे वीणाताईंच्या थोरल्या बहीण. कऱ्हाडला राहायच्या. वय चौऱ्याऐंशी. उन्हाळ्यात भाजणी पाठवली तेव्हा त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "आता कढईपुढे उभं राहवत नाही गं. ही शेवटची." तेव्हापासून वीणाताईंनी थालीपिठं फक्त सणाला लावली होती.

"रोकिए!" श्रीरंगराव ओरडले. "बाहर निकालिए!"

"बाबूजी, भट्टी रेलगाड़ी नहीं है," मुईनमियाँ म्हणाले. "ज़ंजीर खींचने से नहीं रुकती।"

"सगळी घातलीत?" फोनमधून आवाज आला.

"सगळी."

"मूठभर तरी?"

श्रीरंगरावांनी परातीकडे पाहिलं. परात धुऊन उपडी ठेवली होती.

"तुपाला मात्र कुणी हात लावला नाही," ते म्हणाले.

फोन बंद झाला.

पत्रे बाहेर आले. गल्लीत असा वास सुटला की समोरचा दूधवाला किटली ठेवून आला. सलोनीने एक नानखटाई तोडली, चावली, थांबली.

"अंकल, ये है क्या चीज़?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दुसरी उचलली.

मुईनमियाँनीही एक तोंडात टाकली. डोळे मिटले. "ग़लती है बाबूजी," ते म्हणाले. "मगर ख़ानदानी ग़लती है।"

छावणीच्या रस्त्याने परतताना श्रीरंगराव सगळ्यांत मागे होते. एरवी कुणासाठी न थांबणारी टोळी त्या दिवशी त्यांच्यासाठी तीनदा थांबली.

वीणाताईंनी दारातच डबा घेतला. एक नानखटाई खाल्ली. नवऱ्याला पाणी विचारलं नाही. आक्कांना फोन लावला आणि रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं. पलीकडून आधी खोकला आला, आणि खोकल्यामागून हसू.

"साखर घालून?"

"हो."

"तूप?"

"घरचं."

"मग रडतेस काय? साठ वर्षं मी तिच्यात कांदा घालतेय. साखर घालावी असं एकाला सुचलं नाही. मला पाठव."

संध्याकाळी मुलाकडच्यांनी बशी रिकामी केली. मुलाच्या आईने कृती विचारली. "आमच्याकडची जुनी रीत आहे," वीणाताई गंभीरपणे म्हणाल्या. मागून अनघा कुजबुजली, "आजी, कितना झूठ!" श्रीरंगराव खिडकीबाहेर बघत राहिले.

आठ नानखटाया वीणाताईंनी पाहुणे येण्याआधीच बाजूला काढल्या होत्या. त्यांचं पार्सल कऱ्हाडला पोचेपर्यंत निव्वळ भुगा झाला. आक्कांनी तो वाटीत ओतला, वर दूध घातलं, चमच्याने सगळा संपवला आणि फोन केला.

"त्या तुझ्या मियाँना सांग, आच जरा मंद ठेवा. भाजणी आधीच भाजलेली असते."

त्याच वर्षी सतरा नोव्हेंबरला, पहाटे, आक्का कऱ्हाडला वारल्या.