निरोपाचं संत्रं
"राजा लेकीले निरोप देऊन राहिला, अन् तू भाषण देऊन राहिली," जुन्या नाटकाची तालीम थांबवत सर म्हणाले. "जमत नसन तर राजा दुसरीले देतो." पुठ्ठ्याचा मुकुट घातलेली प्रणाली रडवेली झाली. "पण सर, हा राजा रडत काहून नाही?" "तुहे बाबा तुले होस्टेलवर सोडाले आले, तवा रडले का?" प्रणालीनं डोळे मिटले. त्या दिवशी शेंदूरजनाघाटहून आलेले बाबा खाली मान घालून संत्रं सोलत होते, पांढऱ्या शिरा काढून तिला एकेक फोड देत होते. खोलीभर वास दाटला होता. प्रवेश पुन्हा सुरू झाला. भाषण सोडून राजा हवेतलं संत्रं सोलत राहिला. रंगमंचभर तोच वास पसरू लागला. राजकन्या झालेल्या मुलीनं नसलेली फोड तोंडात टाकली, हळूहळू चावली आणि थांबली. राजानं बियांसाठी तळहात पुढं केला.