हवेचा स्क्रू

शनिवार आला की बाबांचा फोन ठरलेला, “फटफटी पुन्हा काळा धूर ओकतेय. उद्या येऊन बघ जरा.”

त्यांच्या त्या जुन्या गाडीत पेट्रोल जास्त जात होतं, हवा कमी. मी जेट साफ केले, फ्लोट तपासला, कार्ब्युरेटरचा हवेचा स्क्रू लावून दिला. तरी आठवडाभरात प्लग काजळीनं माखलेलाच. शेवटी मी त्या स्क्रूवरून नेलपॉलिशची रेघ ओढून ठेवली.

पुढच्या रविवारी रेघ तुटलेली!

स्वयंपाकघरात जाऊन मी हळूच विचारलं, “आई, बाबाच फिरवतात ना गं स्क्रू?”

“छे! ते बिचारे खरंच हैराण झालेत,” आई हसली. “पण नुसतं ‘ये’ म्हणायला त्यांची जीभ रेटत नाही ना!”

चहाचा कप घेताना तिच्या बोटांना पेट्रोलचा वास आला.